मोटार आपली, विहीर कुणाची?



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. टेलिफोन, केबल, इंटरनेट यांची यंत्रणा सामाईक असते. तारा, खांब, राउटर, टॉवर हे सगळं मिळून एक जाळं. या जाळ्याचा एखादा तुकडा एकट्या माणसाच्या मालकीचा असावा का? आणि असला, तर त्या मालकीत नेमकं काय काय येतं? हा आपला आजचा प्रश्न आहे.

गेली काही वर्षं ही कल्पना फार गोड करून सांगितली जाते. कंपनीनं खेड्यात येऊन तार टाकायची वाट कशाला बघता, डबा तुम्ही घ्या, दुकानात लावा, गावाला इंटरनेट विका, नेटवर्कचे मालक तुम्हीच. आफ्रिकेत, बांगलादेशात, आपल्याकडे, सगळीकडे याच चालीवर योजना निघाल्या. या वाक्याची आज आम्हाला तपासणी करायची आहे. वाक्य खोटं आहे असं आमचं म्हणणं नाही. पण ते अर्धं आहे, आणि न सांगितलेलं अर्धं सेलू-सोनपेठच्या माणसाच्या खिशातून जातं.

सुरुवात आपण विहिरीपासून करू. परभणी जिल्ह्यात बसलेल्या माणसाला सामाईक विहीर समजावून सांगायची गरज नाही. भावाभावांत वाटणी होते, जमीन तुटते, विहीर तुटत नाही. मग विहिरीत हिस्सा लागतो. कुणाचा आठ आणे, कुणाचा चार आणे. विहीर एक, मोटारी तीन. मोटार ज्याची त्याची, विजेचं बिल ज्याचं त्याचं, पाणी मात्र पाळीनं. विहिरीपर्यंत जायची वाट, दुसऱ्याच्या बांधावरून पाइप न्यायचा हक्क, गाळ काढायचा खर्च, हे सगळं ठरलेलं असतं. भांडणं होतात, होत नाहीत असं नाही. पण भांडण कशावरून आहे हे दोघांनाही सांगता येतं, कारण प्रत्येक हक्काला नाव आहे आणि त्यातले बरेचसे कागदावर आहेत.

आता समजा एखाद्याला कुणी सांगितलं, तू मोटार विकत घे, तू विहिरीचा मालक. तो हसेल. विहिरीत हिस्सा नसेल तर मोटार म्हणजे नुसतं लोखंड. नेटवर्कच्या बाबतीत मात्र आपण हसत नाही, कारण विहीर दिसत नाही.

असं आपल्याकडे एकदा होऊन गेलेलं आहे, म्हणून आधी ते बघू. केबलवाल्याची गोष्ट.

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांत केबल आली ती कुठल्या मोठ्या कंपनीनं आणली नाही. गावातल्याच कुणीतरी, बहुतेक वेळा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पोरानं, गच्चीवर डिश बसवली, खाली एका खोलीत यंत्रं मांडली, आणि विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, लोकांच्या गॅलरीवरून तार ओढली. तार त्याची, अँप्लिफायर त्याचे, गिऱ्हाईक त्याचं. दर महिन्याला दारोदार जाऊन वसुली करणारा तोच आणि पावसात शिडी घेऊन येणाराही तोच. १९९५ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियमन कायदा आला आणि त्याला नोंदणी करावी लागली. ती कुठे? मुख्य पोस्ट ऑफिसात. विकसनशील देशात सामाईक दूरसंचार जाळं एकट्या माणसांच्या मालकीतून उभं राहिल्याचं याहून मोठं उदाहरण जगात सापडायला कठीण आहे. आपण त्याला कधी त्या नावानं ओळखलं नाही, एवढंच.

मग डिजिटायझेशन आलं. २०११ साली कायदा दुरुस्त झाला आणि टप्पे ठरले. औरंगाबाद, सोलापूर ही शहरं दुसऱ्या टप्प्यात होती. परभणी शहरासारखी उरलेली शहरं तिसऱ्या टप्प्यात आली, मुदत ३१ डिसेंबर २०१५. खेड्यांचा चौथा टप्पा, मुदत ३१ मार्च २०१७. प्रत्येक घरात सेट टॉप बॉक्स आला, आणि बॉक्स चालू करायचा की बंद, हे एमएसओच्या, म्हणजे वरच्या मोठ्या वितरकाच्या संगणकावर ठरायला लागलं. गिऱ्हाइकांची यादी त्याच संगणकात गेली.

इथं थांबून नीट बघा काय झालं. केबलवाल्याची तार कुणी जप्त केली नाही. एक फूटही नाही. तार कालही त्याची होती, आजही त्याचीच आहे. फक्त तारेतून काय जाणार, कुणाला जाणार आणि त्यातले पैसे किती मिळणार, हे तिन्ही निर्णय त्याच्या खोलीतून उठून दुसरीकडे गेले. पुढे ट्रायनं नमुना करार केला. दोघांत एकमत झालं नाही तर नेटवर्क शुल्काची वाटणी ५५ टक्के एमएसओला आणि ४५ टक्के स्थानिक केबलचालकाला. तार ज्याची, खांबावर चढणारा जो, त्याच्या वाट्याला धाकटा हिस्सा.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर टीका एकतर्फी होईल. जुन्या पद्धतीत जोडण्या किती आहेत हे केबलवाले वर खरं सांगत नसत. शंभर घरं असली तर वीस दाखवायची, हे सर्रास चालायचं. वाहिन्यांचा महसूल बुडायचा, सरकारचा कर बुडायचा. चित्रही धड दिसायचं नाही. गिऱ्हाइकाला पावती मिळायची नाही, आणि एका गल्लीत एकच केबलवाला, त्यामुळे दुसरीकडे जायची सोयही नव्हती. तेव्हा डिजिटायझेशन करण्यात सरकारचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. चुकलं ते असं, की हिशेब स्वच्छ करताना गावच्या मालकाचे कुठले हक्क राहतील आणि कुठले जातील, हे त्याच्यासमोर कुणी मांडलं नाही. त्याला वाटत राहिलं, तार आहे म्हणजे धंदा आहे. धंदा तारेत नव्हता. तो यादीत होता आणि वरच्या तोटीत होता.

हा धडा गिरवून झाल्यावर आपण आजच्या योजनेकडे येऊ. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-वाणी योजना मंजूर केली. कल्पना मोठी सुटसुटीत आहे. एसटीडी-पीसीओ आठवतो ना? पिवळी पाटी, काचेची खोली, आत मीटर. तसंच सार्वजनिक वाय-फायचं दुकान. किराणा दुकानदार, चहावाला, झेरॉक्सवाला, कुणीही सार्वजनिक डेटा कार्यालय म्हणजे पीडीओ होऊ शकतो. त्याला परवाना नको, शुल्क नको, दूरसंचार खात्याकडे नोंदणीसुद्धा नको. गिऱ्हाइकाची ओळख पटवणं, हिशेब ठेवणं ही कामं त्याच्या वरचा पीडीओए, म्हणजे समूहचालक करतो. दुकानदारानं ब्रॉडबँडची जोडणी घ्यायची, डबा लावायचा, पाच-दहा रुपयांची कुपनं विकायची.

कागदावर आम्हाला ही योजना मनापासून आवडते. परवान्याची भीती काढून टाकली, ही तिची मोठी कमाई. तरीही २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणानं २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक वाय-फाय हॉटस्पॉटचं उद्दिष्ट ठेवलं होतं, आणि २०२४ संपत आलं तेव्हा पीएम-वाणीचे हॉटस्पॉट होते दोन-अडीच लाख. एवढी तफावत का?

कारण पुन्हा वरची तोटी. दुकानदार इंटरनेट तयार करत नाही, तो कंपनीकडून घेतो. घरगुती ब्रॉडबँड पुनर्विक्रीसाठी वापरायचं नाही, व्यापारी लीज्ड लाइन घ्या, असं त्याला सांगितलं जायचं. लीज्ड लाइनचा दर घरगुती दराच्या कितीतरी पट. ही गोष्ट ट्रायच्याही ध्यानात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायनं आदेशाचा मसुदा काढला, की पीडीओला घरगुती गिऱ्हाइकाच्याच दरात जोडणी द्यावी. कंपन्यांनी हरकती घेतल्या. शेवटी जून २०२५ मध्ये आदेश निघाला तो असा, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती योजना पीडीओला द्याव्यात, पण दर घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट.

हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते आहेत. घरगुती जोडणी महिना ६०० रुपयांची मानू. दुप्पट म्हणजे १,२०० रुपये. कुपन १० रुपयांचं. नुसती लाइन फेडायला महिन्याला १२० कुपनं, दिवसाला ४. हे पाथरीच्या बसस्टँडजवळ जमेल. आता तीच लाइन लीज्ड असेल आणि महिन्याला १०,००० रुपये पडत असतील तर १,००० कुपनं, दिवसाला ३३. हे लहान गावात जन्मात जमायचं नाही. अजून डबा, वीज, बॅटरी, समूहचालकाचा वाटा यांतलं काहीच धरलेलं नाही. म्हणजे दुकानदाराची हुशारी, मेहनत, जागा, सगळं तेच. त्याचा धंदा जगणार की मरणार हे वरच्या एका दरावर ठरतं, आणि तो दर ठरवणाऱ्या खोलीत त्याला खुर्ची नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि जालन्यावरून आपल्याकडे येतो. आपण टेलला आहोत. टेलच्या शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं कितीही चांगली चारी खोदली तरी गेट पैठणला आहे. चारीची मालकी त्याला आवर्तन मिळवून देत नाही. आवर्तन मिळतं ते पाळीपत्रकात त्याचं नाव असेल आणि ते पाळलं जाईल तेव्हा.

बाहेरचं एक उदाहरण बघू. बांगलादेशात १९९७ साली ग्रामीणफोननं गावफोनची योजना आणली. ग्रामीण बँकेकडून कर्ज घेऊन बाईनं मोबाइल घ्यायचा आणि गावाला मिनिटांच्या हिशेबानं तो वापरू द्यायचा. पहिली काही वर्षं या बायांची कमाई खरोखर चांगली झाली. त्यांना गावात मान मिळाला, घरात शब्द मिळाला. संख्या दोन लाखांच्या वर गेली. मग हँडसेट स्वस्त झाले, दर उतरले, घरोघरी फोन आला, आणि गावफोनची कमाई आटली. यात कुणी फसवलं नाही. पण जाळं वाढलं तशी कंपनीची किंमत वाढली आणि फोनवालीच्या मालमत्तेची किंमत घटली. पहिलं गिऱ्हाईक तिनं तयार केलं होतं, पण त्या वाढीत तिचा हिस्सा कुठे लिहिलेला नव्हता. आपल्या पीसीओवाल्याचंही तेच झालं. काचेच्या खोलीत रिचार्ज आणि झेरॉक्स आलं.

इथं कुणी विचारेल, आणि विचारावंच, की सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा इतका स्वस्त झालाय की दुकानातलं वाय-फाय हवंय कुणाला? प्रश्न रास्त आहे. पण त्यातून आमचाच मुद्दा पक्का होतो. बाजार फिरण्याची जोखीम खरी आहे आणि या योजनांत ती सगळी डबा घेणाऱ्याच्या डोक्यावर आहे. शिवाय गावात घरोघरी फायबर न्यायचं काम वेगळं आहे आणि ते आत्ता चालू आहे. भारतनेटचा मूळ प्रकल्प २०११ साली मंजूर झाला तो ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायला. पंचायतीपासून घरापर्यंतचं काम बीएसएनएलच्या भारतनेट उद्यमी योजनेत गावचाच उद्योजक करतो आणि त्याला उत्पन्नातला निम्मा वाटा मिळतो. केबलवाल्याच्या ४५ टक्क्यांपेक्षा हा बरा. पण बिल बीएसएनएलचं, गिऱ्हाईकही बीएसएनएलचं. तेव्हा प्रश्न तोच उरतो.

मग करायचं काय? एकट्याची मालकीच नको, सगळं कंपनीचं किंवा सगळं सरकारचं असू द्या? आम्हाला तसं वाटत नाही. शेतातल्या टॉवरचं बघा. जमीन शेतकऱ्याची, त्याला भाडं मिळतं, ठीक आहे. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं स्पष्ट केलंय, की मालमत्तेवर उभारलेलं जाळं त्या मालमत्तेच्या बोज्या-दाव्यांत येत नाही. कंपनीचं रक्षण करणारी ही तरतूद चांगलीच आहे. जमिनीवर कर्ज झालं म्हणून गावाचा फोन बंद पडू नये. पण नीट बघा, मोठ्या मालकाचा हक्क कायद्यानं किती बारकाईनं सांभाळला! तीच बारकाई धाकट्या मालकासाठी हवी, एवढंच आमचं मागणं आहे.

आणि ते होऊ शकतं. स्पेनमध्ये कॅटलोनियातल्या ओसोना भागात २००४ साली गिफी-नेट नावाचं जाळं सुरू झालं. शेतकऱ्यांना, छोट्या गावांना कंपन्या जोडणी देईनात, म्हणून लोकांनी आपापल्या छपरावर आपापला डबा लावला. पुढे असे तीस हजारांहून अधिक डबे झाले. डबा ज्याचा त्याचा. पण जाळ्यात यायचं तर सगळ्यांनी एकच सामाईक परवाना मान्य करायचा. त्यात लिहिलंय, की कुणी कुणाची वाहतूक अडवायची नाही. आणि या जाळ्यावर धंदा करणाऱ्यांनी वापर किती, गुंतवणूक किती याचा हिशेब मांडून एकमेकांची भरपाई करायची. बघा, ही आपली सामाईक विहीरच झाली. मोटार ज्याची त्याची, पाळी सगळ्यांची.

सहकाराचंही एक उदाहरण आपल्या राज्यात आहे, विजेचं. नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९ साली नोंदली गेली. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि गावांना वाटायची. थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ साली ते क्षेत्र महावितरणकडे गेलं. तेव्हा सहकार म्हटलं की सगळं आपोआप नीट होतं, असंही नाही. पण त्या गोष्टीचं शेपूट आमच्या कामाचं आहे. खांब आणि तारा संस्थेच्या होत्या, म्हणून त्यांच्या वापराचं भाडं महावितरणनं द्यायचं की नाही आणि किती, हा प्रश्न वीज नियामक आयोगापुढे गेला. धंदा गेला तरी मालकीला किंमत आहे की नाही, हे विचारायला जागा होती. आमच्या केबलवाल्याला अशी जागा कोणती?

जागा आहे, पण दिल्लीत. केबलवाला आणि एमएसओ यांचा वाद दूरसंचार वाद निवारण न्यायाधिकरणाकडे, म्हणजे टीडीसॅटकडे जातो. आता तुलना करा. शेताची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली माणूस तहसीलदाराकडे अर्ज घेऊन जातो. पालमचा माणूस पालममध्येच जातो. निकाल लागायला वेळ लागेल, पण चालत जाता येतं. सिग्नलची वाट अडवली तर मात्र दिल्लीचा वकील. चारशे-पाचशे जोडण्यांच्या माणसाला हा हक्क असून नसल्यासारखा आहे. वाटेचंही तसंच. केबल कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं सरकारी जागेतून तार नेण्याचा हक्क घातला, पण तो परवानगीच्या अटीवर. परवानगी नसेल तर खांबावरची तार कधीही उतरू शकते.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. सामाईक जाळ्यातली एकट्याची मालकी तीन हक्कांवर उभी असते. वरून मिळणाऱ्या मालाच्या दराची हमी, आपल्या गिऱ्हाइकाच्या यादीवर हक्क, आणि बाहेर पडताना आपल्या तारेची, डब्याची ठरलेली किंमत. हे तीन असतील तर डबा घेणारा मालक. नसतील तर तो स्वतःच्या भांडवलावर दुसऱ्याचं काम करणारा माणूस, आणि त्याला मालक म्हणणं ही थट्टा आहे. या तिन्हींतल्या पहिल्याबद्दल ट्रायनं निदान दुपटीपर्यंतची मर्यादा घातली. उरलेल्या दोनांबद्दल पीएम-वाणीच्या चौकटीत दुकानदाराला धरता येईल असं काही नाही. आणि हे हक्क मागायची जागा जिल्ह्यातच हवी. परभणीत जिल्हाधिकारी आहेत, तालुक्याला तहसीलदार आहेत. बांधाचं भांडण ऐकणारी यंत्रणा तारेचं भांडण ऐकायला अपात्र आहे, असं मानायला आम्हाला तरी कारण दिसत नाही.

उद्या आपल्यापैकी कुणाकडे असा डबा विकायला माणूस आला, तर त्याला हाकलून देऊ नका. चहा द्या. त्याला विचारा, लाइनचा दर किती वर्षं बांधलेला आहे? गिऱ्हाइकाचे नंबर कुणाकडे राहणार? आणि मी दोन वर्षांनी सोडलं तर हे सामान कोण, कितीला घेणार? तिन्ही उत्तरं कागदावर देत असेल तर पुढचं बोला. तोंडी देत असेल, तर तुम्हाला मोटार दाखवली जातेय आणि विहीर झाकलेली आहे, हे ओळखा.